नकाशातला हिरवा रंग

कवीला रंगांवर बोलायला सांगितलं तर तो संध्याकाळच्या आभाळावर बोलेल, अशी तुमची अपेक्षा असणार. मला आज नगररचना खात्याच्या नकाशातल्या रंगांवर बोलायचं आहे. शहराच्या विकास आराखड्यात राहण्याची जमीन पिवळी दाखवतात, शेतीची हिरवी. माती तीच, विहिरीचं पाणीही तेच. पण वरून कुठला रंग फिरला त्यावर तिचा भाव ठरतो.

१९८६ साली माझ्या अब्बांनी कृष्णाकाठच्या आमच्या शहराबाहेर एक गुंठा जागा घेतली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. अब्बा शिलाईकाम करायचे आणि भाड्याच्या एका खोलीत आम्ही सातजण राहायचो. डांबरी रस्त्याच्या अलीकडे पिवळा पट्टा होता, तिथला प्लॉट आमच्या आवाक्यातला नव्हता. पलीकडे उसाचं रान. तिथं गुंठा जवळपास चौथ्या हिश्श्यात मिळत होता. इतका फरक का, हे अब्बांनी विचारलं नाही. परवडतंय एवढंच पाहिलं.

कारण सरळ होतं. तिथं घर बांधायला परवानगीच नव्हती. शेतजमिनीवर घर बांधायचं तर ती बिगरशेती, म्हणजे एन.ए. करून घ्यावी लागायची, आणि हिरव्या पट्ट्यात ते सहसा होत नसे. शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेत गुंठ्या-गुंठ्यानं विकता येत नव्हतं. मग व्यवहार स्टँपपेपरवर व्हायचे. रीतसर लेआउट पाडणाऱ्याला रस्ते आणि मोकळी जागा सोडावी लागते, गटारं काढावी लागतात. तो खर्च प्लॉटच्या किमतीत चढतो. गुंठेवारीत यातलं काहीच नसतं. तो खर्च राहणारा माणूस पुढं वर्षानुवर्षं चिखल तुडवून फेडतो.

आम्ही हिरव्या पट्ट्यात राहायला गेलो म्हटल्यावर काही ओळखीचे हसायचे, ‘तुम्ही हिरव्यातच जाणार!’ म्हणायचे. पण आमच्या शेजारी हमाल होते, गवंडी होते, भाजी विकणाऱ्या मावशी होत्या, एक शाळेतले शिपाई होते. त्या रानानं कुणाची जात विचारली नाही, खिसा तेवढा पाहिला.

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा अब्बा घर तारण ठेवायला एका बँकेत गेले. साहेबांनी कागद उलटेपालटे करून परत दिले. घरात आम्ही राहत होतो, पण कागदोपत्री तिथं अजून ऊस उभा होता.

पुढं आराखड्याची सुधारणा निघाली. प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, तशी नोटीस आली होती. अब्बा मला घेऊन नकाशा पाहायला गेले. मी नुकताच बी.ए. झालो होतो; घरातला एकमेव शिकलेला. तरी आमचा गट नंबर शोधायला मला तासभर लागला. सापडला तेव्हा त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. आमच्या मागची मोठ्या बागायतदारांची रानं मात्र पिवळी झाली होती. त्यांनी तो नकाशा आमच्याआधी वाचला होता की काय, कोण जाणे. पण नोटीस निघण्याच्या वर्षभर आधीपासून तिथं जमिनी घेणारी माणसं हिंडत होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. अब्बा म्हणाले, ‘बेटा, तू लिखताय ना? मग लिही.’ मी हरकतीचा अर्ज लिहिला. अंतिम आराखड्यात ते मैदान आमच्यावरून उठलं. माझ्या अर्जामुळं उठलं, असं मी बरीच वर्षं सांगत असे.

मग २००१ साली राज्यात गुंठेवारीचा कायदा आला. १ जानेवारी २००१ पूर्वीची गुंठेवारी शुल्क भरून नियमित करून घेता येऊ लागली. (२०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली गेली.) अब्बांनी हप्त्याहप्त्यानं पैसे जमवून भरले. प्रमाणपत्र मिळालं आणि गुंठ्याचा भाव दुप्पट झाला. घराला नवी वीटसुद्धा लागली नव्हती. अब्बांनी ते प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. तो हिरवा रंग उगीच नव्हता. नदीकाठची काही रानं पुराचं पाणी पोटात घेण्यासाठीच असतात. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. बांधकामाला मनाई करणारा नियम चुकला नव्हता. पण ज्याला पिवळ्यातलं काहीच परवडत नाही त्यानं कुठं राहायचं, हे त्या नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं. मनाईमुळं घरं थांबली नाहीत, जमीन तेवढी स्वस्त झाली. आणि ज्याच्याकडं कमी पैसे होते तो नदीच्या जास्त जवळ गेला.

२००५ चा पूर आमच्या उंबऱ्याशी थांबला. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र पाणी खिडकीच्या वर गेलं. अब्बा तेव्हा हयात नव्हते. अम्मीला आम्ही आधीच शहरातल्या एका शाळेत हलवलं होतं. पाणी ओसरल्यावर घरी गेलो, भिंतीवरची चौकट उतरवली. प्रमाणपत्र भिजून पिवळं पडलं होतं, शिक्का मात्र वाचता येत होता.

अलीकडं जागेची चौकशी करायला एजंट येतात. पूर्वी ते विचारायचे, ‘एन.ए. आहे का?’ आता आधी भिंतीकडं बघतात आणि विचारतात, ‘चाचा, पाणी कुठवर आलं होतं?’