नदी आटते त्याचा हिशेब



सरासरीवर आपला फार विश्वास. पण वैशाखात नदीकाठचा माणूस सरासरी पीत नाही. त्या दिवशी पात्रात असेल तेच पितो.

आपली पूर्णा बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून चांगदेवजवळ तापीला मिळते. पाऊस चार महिने. पुढे पात्र जगते ते मुरलेल्या पाण्याच्या झिरप्यावर. त्यातून काठाला खारपाणपट्टा. नदी आटली म्हणजे विहिरीकडे वळावे, तर विहीर खारट!

ही आटण्याची गणना कशी करतात? दरवर्षीचे सर्वांत कोरडे सलग सात दिवस घ्यायचे आणि त्यांचा प्रवाह मांडायचा. एकच दिवस घेतला तर कोणी वरच्या अंगाला पाणी अडवले, की हिशेब फसतो. अशा चाळीस वर्षांच्या आकड्यांतून ‘दहा वर्षांतून एकदा’ येणारी कोरड काढतात. जर्मनीतून परागंदा झालेल्या एमिल गुंबेल या गणितज्ञाने १९५८ साली अशा टोकाच्या घटनांवर ग्रंथच लिहिला. मात्र ‘दहा वर्षांतून एकदा’ म्हणजे पाळीपाळीने नव्हे. दरवर्षी एक दशांश संभव. दहा वर्षांत ती एकदा तरी गाठण्याचा संभव शंभरात पासष्ट.

ऱ्हाइनसारख्या बारमाही नदीला हे शास्त्र सरळ लागू पडते. आमच्याकडे मध्ये शून्य येते. समजा, चाळीसपैकी दहा वर्षे एखादा ओढा पार कोरडा पडला. मग दहा वर्षांतली कोरड शून्यच. गणिताने नवे काय सांगितले? येथे प्रश्नच बदलावा लागतो. पाणी किती उरले हे सोडून, पात्र किती दिवस कोरडे राहिले हे मोजायचे. चाळीस दिवस की नव्वद, यावर गावाचे टँकर ठरतात. आणि पात्रात शहराचे सांडपाणी वाहत असेल तर मोजपट्टी त्यालाही प्रवाहच म्हणते, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक पेच. काटेपूर्णेवर महानला धरण झाले. अकोल्याचे पाणी तेथूनच येते. पण धरणाखालच्या पात्राचे आधीचे आणि नंतरचे आकडे एका रांगेत बसवता येत नाहीत. नदीचे नाव तेच, वही मात्र दुसरी उघडावी लागते.