आपल्या डोंगरात कोण राहतं?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'तुझ्या छंदावर दहा मिनिटं बोल' असा संयोजकांचा निरोप आला, तेव्हा ग्रुपवर लगेच कोणीतरी लिहिलं, 'ही आता बिबट्या दाखवणार!' नाही दाखवणार. बिबट्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे त्याच्या ताटातल्या मंडळींवर, म्हणजे भेकर, सांबर आणि पिसोरीवर. पोटासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते आणि सुट्टीच्या दिवशी रायगड जिल्ह्यातल्या जंगलांत फिरते. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जीवशास्त्राच्या सरांना काही खटकलं तर त्यांनी जागेवरूनच टोकावं, ती सवय त्यांना आहेच.

हरीण म्हटलं की आपल्याला ठिपक्यांचं चितळ आठवतं. चितळ गवत खातं, कळपानं चरतं आणि कळपातल्या पाचपन्नास डोळ्यांच्या भरवशावर जगतं. त्यामुळे त्याला मोकळी, बऱ्यापैकी सपाट जागा आणि झाडीची कड लागते. ताडोबात, पेंचमध्ये, आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही ते सहज दिसतं. पण सह्याद्रीचा उभा, दाट, पावसानं भिजलेला उतार त्याला मानवत नाही. तिथले रहिवासी वेगळे.

भूगोलाच्या बाई, तुम्ही आम्हाला समोच्च रेषा काढायला लावायचात. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी. जंगलात फिरताना मला त्या रेषा रोज उपयोगी पडतात, कारण एकाच डोंगराच्या नकाशावर या तिघांची घरं वेगवेगळ्या ठिकाणी निघतात.

सांबर हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं हरीण. भरलेला नर सव्वादोनशे किलोच्या वर जातो. एवढ्या मोठ्या पोटात भरड चाराही पचतो. गवत, पाला, साल, काहीही चालतं. दिवसा ते उतारावरच्या गर्द सावलीत बसून राहतं आणि अंधार पडला की खाली चरायला उतरतं. पाण्याचं आणि चिखलात लोळण्याचं त्याला वेड. म्हणजे त्याला अख्खा डोंगर लागतो, वरची सावली आणि खालचं पाणी, आणि मधली वाट मोकळी.

भेकराचं गणित उलटं आहे. वजन वीस-पंचवीस किलो, पोट लहान. निबर गवतावर त्याचं भागत नाही. कोवळी पालवी, शेंगा, खाली पडलेली उंबरं, आवळे असं वेचक आणि कसदार खाणं त्याला लागतं, तेही थोड्या जागेत आणि वर्षभर, कारण ते एकटं राहतं आणि आपली हद्द धरून असतं. डोळ्यांजवळच्या ग्रंथींचा वास लावून ते ही हद्द आखतं. लपायला त्याला गुडघा-कमरेइतकी झुडपं हवीत. कारवीचं रान त्याला त्यासाठी उत्तम. आणि ओढा फार लांब असून चालत नाही. सकाळ-संध्याकाळ ते कडेच्या मोकळ्या जागेत येतं, पण पाठीमागे झुडूप ठेवूनच. धोका वाटला की कुत्र्यासारखं भुंकतं, आणि एकदा सुरू झालं की कितीतरी वेळ थांबत नाही. आमच्या सोसायटीतल्या काही सभासदांची आठवण होते.

पिसोरी तर आणखी लहान, तीन किलोच्या आसपास. सिंधुदुर्गाकडे तिला गेळा म्हणतात. शास्त्रीय हिशेबात ती खरं हरीणही नाही. तिला शिंगं नसतात आणि तिच्या पोटाचे कप्पे चार नसून तीन असतात. ओढ्याकाठचे खडक, त्यांच्यातल्या कपारी, झाडाची ढोली, पालापाचोळा हे तिचं जग. रात्री बाहेर पडते आणि झुडपांखालून इतकी वाकून जाते की दोन पावलांवरून गेली तरी आपल्याला कळत नाही.

आता मोजदादीबद्दल. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं स्वयंसेवकांना मचाणावर बसवतं आणि पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजले जातात. मी फणसाडला बसले आहे. पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, 1986 मध्ये अभयारण्य झालं. तिथे नैसर्गिक पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. चांदण्यात सांबर गाणीवर येतं ते दृश्य मी विसरणार नाही. पण सकाळी तक्ता भरताना माझ्यातली इंजिनिअर जागी होते. हा तक्ता सांगतो कोण पाणी प्यायला आलं. कोण राहतं, ते तो सांगत नाही. भेकर, पिसोरी दुसऱ्याच डबक्यावर किंवा फळांच्या रसावर भागवत असतील तर ती तक्त्यात येणारच नाहीत. आमच्या धंद्यातही लॉगमध्ये नोंद नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं समजणारे भेटतात. म्हणून लेंड्या, खुरांचे ठसे, भुंकणं, कॅमेरा ट्रॅप हे सगळं एकत्र ठेवून बघावं लागतं.

हे सगळं नवी मुंबईत का सांगायचं? पनवेलपासून 12 किलोमीटरवर कर्नाळा आहे. 1968 चं अभयारण्य, आज 12.11 चौरस किलोमीटर. लोक तिथे पक्ष्यांसाठी जातात, पण भेकरही तिथे आहे. अभयारण्यातूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. एकट्यानं, रात्री-पहाटे फिरणाऱ्या प्राण्याला तो रस्ता म्हणजे भिंतच. एवढ्याशा जंगलाचे असे तुकडे पडले की प्रश्न फक्त गाडीखाली किती मेले एवढा राहत नाही. नवं भेकर बाहेरून येणार कुठून, हा मोठा प्रश्न.

आणि आपला खारघरचा डोंगर. जुलैत आपण सगळेच त्याचे फोटो टाकतो, काय हिरवागार! तो हिरवा रंग बराचसा गवताचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळतं आणि वणवा लागतो, बहुतेक वेळा माणसानं लावलेला. मोठी झाडं होरपळून का होईना तगतात, गवत पुढच्या पावसात परत येतं. जाते ती मधली फळी: झुडपं, रोपं, पाचोळा. म्हणजे नेमकं भेकराचं घर आणि पिसोरीचं छप्पर. लांबून डोंगर तसाच दिसतो, म्हणून कुणाला काही गेल्यासारखं वाटत नाही. 'झाडं लावा' मोहिमांवर माझा थोडा राग आहे तो यासाठीच. गिरिपुष्पाच्या रांगांनी डोंगर हिरवा होईल, पण त्यात भेकरानं खायचं काय?

उलट वणवा चार-पाच वर्षं थोपवला तर मधली फळी बरीचशी आपोआप उठते. पुढे प्राणीही हातभार लावतात. भेकर आवळा गिळतं, मग निवांत सावलीत बसून रवंथ करताना आवळ्याची कठीण बी तोंडावाटे टाकून देतं. बी आईच्या झाडाखालून निघून दुसऱ्या जागी पडते. रोपवाटिकेचं काम फुकटात होतं.

वणवा थोपवायचा उपाय जुनाच आहे, जाळरेषा. गवत पेटण्याआधी, हिवाळ्यात, डोंगराच्या कडेनं त्याचा पट्टा कापून साफ करायचा, म्हणजे खालून आलेली आग तिथे अडते. आम्ही काहीजण वनखात्याच्या परवानगीनं डिसेंबर-जानेवारीत रविवारी पहाटे हे काम करतो. आपल्या बॅचमधले आत्तापर्यंत दोघंच आलेत, त्यातला एक फक्त पोह्यांसाठी. यंदा ज्यांना यायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी मला नाव द्या. कोयते माझ्याकडे आहेत, बूट आणि पाण्याची बाटली आपापली आणा.