वस्तीचा पत्ता : उपग्रह, भ्रमणध्वनी आणि गावाने केलेला नकाशा

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर सोलापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोलापूर जिल्ह्यातील गाव म्हणजे केवळ गावठाण नव्हे. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत आणि बार्शीपासून सांगोल्यापर्यंत अकराही तालुक्यांत शेतकरी कुटुंबे मोठ्या संख्येने आपापल्या रानात वस्ती करून राहतात. शिंदे वस्ती, माने वस्ती, पाटील वस्ती अशी या वस्त्यांची नावे. एकाच नावाची वस्ती शेजारच्या गावात असते आणि त्याच्या पलीकडच्या गावातही असते. गावातल्या माणसाची त्यामुळे अडचण होत नाही. परंतु मध्यरात्री एखाद्या बाळंतिणीसाठी १०८ क्रमांकावर दूरध्वनी केला जातो, तेव्हा रुग्णवाहिकेचा चालक पहिला प्रश्न विचारतो, "कोणती शिंदे वस्ती?" त्यावर उत्तर मिळते, "कॅनॉल ओलांडा, चिंचेपासून डावीकडे वळा, पुढे विहीर लागेल." दिवसाउजेडीसुद्धा परक्या माणसाला न उमगणारा हा पत्ता रात्रीच्या अंधारात काय उपयोगी पडणार? मदत उपलब्ध असते, रस्ताही असतो. परंतु पत्त्याअभावी अर्धा तास वाया जातो. आजचा विषय त्या अर्ध्या तासाचा आहे.

मोजणीचा जुना धडा

जमिनीचे मोजमाप आणि रयतेचे सुखदुःख यांचा संबंध या भागाला नवा नाही. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली दख्खनमध्ये जमिनीची मोजणी व आकारणी करण्यात आली. मोजणी सदोष, आकारणी जड आणि खालच्या नोकरवर्गाचा व्यवहार अशुद्ध, असा तो कारभार होता. त्याची झळ सोलापूरच्या सीमेला लागून असलेल्या इंदापूर तालुक्याला विशेष लागली. शेतकरी जमिनी टाकून गेले. अखेर १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी त्याच इंदापुरात मोजणीचे काम नव्याने हाती घेतले आणि पुढे मुंबई इलाख्यातील महसूल मोजणीची पद्धत त्यातूनच रूढ झाली. कागदावरची चूक कागदावरच राहत नाही, ती माणसाच्या दारापर्यंत पोहोचते, हा त्यातील धडा होय.

संपूर्ण देशाच्या मोजणीची कथाही महाराष्ट्राशी जोडलेली आहे. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ केला. सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र टेकड्यांवर चढवीत त्यांचे पथक उत्तरेकडे सरकत राहिले. १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे काम चालू असतानाच लॅम्ब्टन यांचे निधन झाले. ज्या कामासाठी एका पिढीचे आयुष्य खर्ची पडले, त्यातील स्थाननिश्चितीचा भाग आज शेतकऱ्याच्या खिशातील भ्रमणध्वनी काही सेकंदांत करतो.

फोनला आपली जागा कशी कळते?

यामागील तत्त्व सोपे आहे. जीपीएस या अमेरिकी व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळ असते. "या क्षणी मी अमुक ठिकाणी आहे" असा संदेश तो अखंड प्रक्षेपित करीत असतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने प्रवास करतो आणि पृथ्वीवर पोहोचण्यास त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून उपग्रह किती दूर आहे हे फोन काढतो. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा ठरू शकते. परंतु फोनचे घड्याळ साधे असल्याने त्याची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. घड्याळात सेकंदाच्या दहालक्षांश भागाइतकी चूक झाली, तरी अंतरात तीनशे मीटरचा फरक पडतो.

रेखांश आणि वेळ यांचे हे नाते सोलापूरकरांना घरबसल्या पाहता येते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने येथे सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे सव्वीस मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. शाळेच्या अंगणात काठी रोवून शिक्षकांना हा पाठ शिकविता येईल. मात्र वर्षभरात त्यात काही मिनिटांचे अंतर पडत असते, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला. ही व्यवस्था मूळची लष्करी. १९८३ मध्ये मार्ग चुकलेले एक कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत विमानांनी पाडल्यानंतर ती नागरी वापरासाठी खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. नागरी संदेशात मुद्दाम ठेवलेली अचूकतेची उणीव मे २००० मध्ये दूर करण्यात आली. आज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू याही व्यवस्था कार्यरत आहेत. भारताने २०१३ ते २०१६ या काळात आपल्या प्रादेशिक व्यवस्थेचे सात उपग्रह सोडले आणि तिला 'नाविक' हे नाव देण्यात आले. तिचे संदेश घेऊ शकणारे फोनही आता बाजारात आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्थान ओळखण्यासाठी फोन उपग्रहाकडे काहीही पाठवीत नाही. आकाशवाणीच्या संचाप्रमाणे तो केवळ ऐकतो. म्हणून इंटरनेट नसले तरी त्याला आपली जागा कळते. इंटरनेट असेल तर उपग्रहांची माहिती लवकर मिळते, इतकाच फरक. इंटरनेटची खरी गरज भासते ती नकाशासाठी. आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेतला असेल, तर तीही उरत नाही.

नकाशा कोणाचा?

अक्षांश-रेखांश मिळाले म्हणजे पत्ता मिळाला असे नव्हे. त्या आकड्यांखाली रस्ता, ओढा, पूल आणि वस्ती दाखविणारा नकाशा हवा. मोठ्या कंपन्यांचे नकाशे वापरास सोयीचे असतात. परंतु त्यांची मालकी त्या कंपन्यांकडे असते. गिऱ्हाईक नसलेल्या रानातील वस्तीची नोंद करण्याची त्यांना घाई नसते.

२००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप हा उपक्रम सुरू केला. नकाशा सर्वांनी मिळून करावा, सर्वांनी तपासावा आणि श्रेय देऊन कोणीही विनामूल्य वापरावा, अशी त्यामागील कल्पना. २००८ पासून अँड्रॉइड ही मुक्तस्रोत पायावर उभी राहिलेली प्रणाली फोनमध्ये आली आणि या नकाशाला घरोघरी वाट मिळाली. ऑसमँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स ही त्या नकाशावर चालणारी मुक्तस्रोत उपयोजने आहेत. मुक्तस्रोत म्हणजे ज्यांच्या घडणीचा मजकूर सर्वांना पाहण्यास व सुधारण्यास खुला आहे अशी. राज्याचा नकाशा एकदा फोनमध्ये उतरवून घेतला की संपर्कयंत्रणा बंद असतानाही ती मार्ग दाखवितात. आषाढी वारीत नातेपुते, वेळापूर, वाखरी या मार्गावर लाखोंचा समुदाय एकवटतो आणि दूरध्वनी लागणे दुरापास्त होते, तेव्हा ही सोय किती मोलाची ठरेल हे सांगावयास नको.

२०१० च्या जानेवारीत हैती देशात भूकंप झाला, तेव्हा राजधानीचा पुरेसा नकाशाही मदतपथकांजवळ नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून काही दिवसांत ओपनस्ट्रीटमॅपवर तो तयार केला. २०१५ च्या नेपाळ भूकंपातही असेच काम झाले. सोलापूर जिल्ह्याने ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेचा आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचा पूर पाहिला आहे. कोणता नळकांडी पूल आधी पाण्याखाली जातो, कोणत्या वस्तीचा रस्ता तुटतो आणि कोणती शाळा उंचावर आहे, हे उपग्रहचित्रावरून परदेशातील स्वयंसेवकाला कळणार नाही. ते गावालाच ठाऊक असते; आणि पूर येण्यापूर्वी नोंदविले तरच उपयोगी पडते.

गावाने काय करावे?

या कामास निधीपेक्षा चिकाटी अधिक लागते. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना घेऊन परिसर अभ्यास म्हणून वस्तीपर्यंतची वाट चालावी. फोनमध्ये त्या वाटेची नोंद आपोआप होते. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, हातपंप, पाण्याची टाकी, पूल आणि स्मशानभूमी यांच्या जागा टिपाव्यात. ग्रामपंचायतीने वस्त्यांची यादी करून नावे निश्चित करावीत. त्यानंतर ही माहिती नकाशावर चढवावी आणि दुसऱ्या कोणी जागेवर जाऊन ती पडताळावी. प्रत्येक वस्तीच्या दर्शनी भिंतीवर वस्तीचे व गावाचे नाव आणि अक्षांश-रेखांश ठळक रंगवावेत. दशांशानंतर पाच आकडे लिहिल्यास ते सुमारे एक मीटरपर्यंतची जागा दर्शवितात. दूरध्वनीवर हे आकडे वाचून दाखविणे शाळकरी मुलालाही जमेल आणि ते कोणत्याही नकाशात चालतात.

नावांबाबत विशेष काळजी घ्यावी. सोलापूर ही मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषांची भूमी. एकाच स्थळाचे नाव या चारही भाषांत नोंदविण्याची सोय ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आहे. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे, वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. गावाने पाटी बदलली आणि नकाशावर जुनेच नाव राहिले, तर ते नाव परक्याच्या तोंडून पुन्हा ऐकण्याची पाळी तेथील माणसांवर येईल. रुग्णवाहिकेला दिशा दाखविणाऱ्या शब्दाने कोणाचा मान दुखावता कामा नये.

मर्यादा आणि पथ्ये

हे साधन गुणकारी आहे, तसेच मर्यादितही आहे. मोकळ्या आकाशाखाली फोनने दाखविलेली जागा साधारणपणे पाच मीटर इकडेतिकडे असू शकते. दाट झाडीत वा उंच इमारतींत चूक वाढते. वस्ती शोधण्यास हे पुरेसे आहे. बांधाचा वाद मिटविण्यास मुळीच नाही. पाच मीटरच्या पट्ट्यात बांध आणि विहीर दोन्ही बसतात! हद्दीचा प्रश्न भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीनेच सोडवावयाचा असतो. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे होणारे गावठाणाचे मापन हे त्या अधिकृत कामाचे उदाहरण. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी फोनवरून पिकाचे छायाचित्र व स्थान नोंदवितो, तीही शासनाचीच स्वतंत्र नोंद आहे. गावाने केलेला नकाशा त्यांची जागा घेत नाही. वाट दाखविणे एवढेच त्याचे काम.

फेब्रुवारी २०२१ मधील केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट उरलेली नाही. तथापि संवेदनशील ठिकाणांबाबतचे निर्बंध पाळलेच पाहिजेत. एखाद्या कंपनीच्या नकाशावरून माहिती उतरवून घेऊ नये. ती परवान्याविरुद्ध आहे आणि तिच्यातील चुकाही सोबत येतात. घरमालकांची नावे, दूरध्वनी क्रमांक किंवा कोण एकटे राहते अशी खासगी माहिती सार्वजनिक नकाशावर कदापि देऊ नये. तसेच नकाशा एकदा केला की संपला, असे नाही. नवा पूल झाला, रस्ता वाहून गेला, तर त्याची नोंद त्याच आठवड्यात झाली पाहिजे. शिळा नकाशा हा नकाशा नसण्याहूनही घातक असतो, कारण माणूस त्यावर विश्वास ठेवून निघालेला असतो.

आपलीच जुनी रीत

नकाशा ही सोलापूरला परकी वस्तू वाटण्याचे कारण नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या क्षेत्राच्या परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत सात नंदीध्वज मिरवीत भक्तजन त्या लिंगांच्या भेटीस जातात. कोणते स्थान कोठे आणि कोणत्या वाटेने जावयाचे, हे कागदाविना पिढ्यान् पिढ्या जतन झाले, कारण लोक दरवर्षी ती वाट स्वतः चालत राहिले. नव्या नकाशाचाही टिकाव याच रीतीने लागणार आहे.

येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने निदान एका वस्तीची वाट चालून नोंदवावी आणि तिचे नाव भिंतीवर रंगवावे. तेवढे झाले, तरी रात्री वाट चुकणाऱ्या रुग्णवाहिकेच्या चालकाला "कोणती शिंदे वस्ती?" असे विचारावे लागणार नाही.