आजोबा ताडोब्याला का येत नाहीत?



सुटी लागली की मुले ताडोब्याचा हट्ट धरतात, आणि गावाकडचे आजोबा म्हणतात, "वाघ पाहायला पैसे कशाला मोजायचे?" हा चिक्कूपणा नव्हे, असे आम्हांस वाटते. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला ज्यांनी पहाटे हे रान तुडवले, त्यांना वाघ ही गंमत कशी वाटावी? चंद्रपूर-गडचिरोलीत वाघाच्या हल्ल्यात आजही माणसे मरतात. शिवाय १९५५ साली ताडोब्यात राष्ट्रीय उद्यान झाले आणि या परिसरातून नवेगाव, जामणी अशी गावे पुढे उठवून दुसरीकडे वसवली गेली. ज्याचे घर त्या रानात होते, त्याने तिकीट काढून तेथे पाहुणा व्हावे, हे जड जाणारच.

मग त्यांना न्यावे कसे? "तुमची करमणूक होईल," असे सांगून नव्हे. "ऐन कोणता, धावडा कोणता, हे आम्हांला नातवंडांना सांगता येत नाही, तुम्ही चला," असे म्हणावे. वाघाशी झुंजताना पडलेल्या तारूवरून ताडोबा हे नाव आले, ही गोंडांची कथा मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकावी. उघड्या गाडीत धक्के बसतात, हेही आधीच सांगावे. फसवून नेलेला माणूस पुन्हा येत नाही.

एवढे करूनही ते नाही म्हणाले, तर त्यांचा नकार मानावा. मुलांना त्यांच्या ओसरीवर बसवावे. जे रान गाडीतून दिसत नाही, ते तेथे ऐकायला मिळेल.