पार्ल्याची वस्ती आणि महाडचे तळे
(महाड येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



महाड-पोलादपूरकडील माणूस पोटासाठी मुंबईस गेला, हे आपणांस नवे नाही. पूर्वी सावित्रीतून बाणकोट आणि तेथून आगबोटीने मुंबई, असा त्याचा मार्ग असे. गिरगावात एखाद्या आप्ताच्या खोलीत त्याचे बिऱ्हाड पडे. त्यांतील काही घराणी पुढे विलेपार्ल्यास गेली. आमचे घराणे त्यांपैकीच एक. आज तेथील जागांचे भाव ऐकून इकडची मंडळी तोंडात बोटे घालतात. परंतु त्या वस्तीची थोरवी पैशात नाही, हेच आम्हांस सांगावयाचे आहे.

पार्ले हे मुळात साष्टीतील खेडे. भातशेती, भाजीचे मळे, वाड्या आणि गावठाण असे त्याचे रूप. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईच्या दाटीला भ्यालेली माणसे मोकळ्या हवेच्या शोधात उत्तरेकडे सरकू लागली. 1928 साली कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि कारकुनालाही पार्ल्याहून कचेरी गाठणे सोपे झाले. शेतांचे तुकडे पडले, त्यांवर टुमदार बंगले उठले. 1929 साली बिस्किटांचा कारखाना आला. 1950 साली पार्ले मुंबई महापालिकेच्या हद्दीत गेले.

बंगल्यांनी वस्ती होते, गाव होत नाही. पार्ल्याचे गाव झाले ते संस्थांमुळे. लोकमान्य 1920 साली निवर्तले. 1921 साली त्यांच्या नावाने पार्ले टिळक विद्यालय आणि 1923 साली लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात येथे स्वयंसेवकांची छावणी होती. पु. ल. देशपांडे याच मातीत वाढले. आता बंगल्यांच्या जागी उंच इमारती आहेत, बिस्किटांचा तो कारखाना 2016 साली बंद झाला, आणि जुन्या पार्लेकरांच्या कित्येक नातवांना तेथे घर घेणे परवडत नाही. शाळा आणि सेवा संघ मात्र उभेच आहेत.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. आपल्या मंडळींत ज्ञातीपुरती वसाहत उभारण्याचा विचार चालू आहे, असे कानी आले. मुंबईत असे प्रयत्न जुने आहेत. गावदेवीस सारस्वतांची सहकारी गृहसंस्था 1915 साली निघाली. अशा संस्थांनी पुष्कळांची चाळीतून सुटका केली, हे त्यांचे श्रेय. पण परक्यास दार बंद, हा त्यांतला दोष.

आपण तर महाडचे. 1924 साली येथील नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचे नाव त्या काळाशी निगडित आहे. तरीही ठराव कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह ते पाणी प्यायले, तेव्हा त्यास अर्थ आला. आणि त्यापायी त्यांस मारही सोसावा लागला. ज्या गावाने पाण्यासाठी एवढे पाहिले, त्या गावच्या लोकांनी नव्या वसाहतीच्या फाटकाशी पुन्हा जात विचारावी काय?

महाडच्या कडेची भातखाचरे आज प्लॉट होत आहेत. तेथे घरे अवश्य बांधा. मात्र 2021 चा पूर आठवून नदीस पसरावयास जागा ठेवा. शाळेस व वाचनालयास एक कोपरा राखा. आणि घर घेणाऱ्यास त्याचे आडनाव विचारू नका. ज्ञातीचा पैसा पायास लागला तरी दार सर्वांस उघडे असावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.