'कोकण डान्स' आणि बारीक अक्षरातली नावं

एरवी या वेळेला मी कर्ज, परतफेड, नाहीतर कोकमाच्या पॅकिंगबद्दल बोलते. आज गाण्याबद्दल बोलणार आहे, आणि तेही परदेशातल्या. रेडिओ बंद करू नका, शेवटी आपल्याच वाडीत येणार आहोत.

माझ्या मुंबईच्या भाच्याने मला फोनवर एक धून पाठवली. नाव होतं 'कोकण डान्स'. मला वाटलं बाल्या नाच असेल, ढोलकी, घुंगरं, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब. लावलं तर गिटार! पण गिटार अशी, की मध्येच सतार ऐकल्यासारखं वाटावं. वाजवणारे होते अमान्सियो डिसिल्वा. जन्म मुंबईचा, १९३६ सालचा, आईवडील गोव्याचे. १९६७ मध्ये ते लंडनला गेले. 'कोकण डान्स' त्यांनी १९७२ मध्ये रेकॉर्ड केला आणि तो तसाच पडून राहिला. बाजारात आला २००६ मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी. डिसिल्वा १९९६ मध्येच गेले होते.

हे संगीत म्हणजे जॅझ. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी ते घडवलं. समजायला अवघड नाही. भजनात बुवा चाल लावतात, ती सगळ्यांना माहीत असते, आणि मग एकेक जण आपल्या परीने ती फुलवतो. पखवाजवाल्यालाही आपली जागा मिळते. जॅझमध्येही एक धून ठरलेली असते, पुढे ज्याची पाळी येईल तो त्याच वेळी सुचेल ते वाजवतो. कागदावर लिहिलेलं नसतं. म्हणून रेकॉर्ड झालं नाही तर ते गेलंच.

साधारण १९६५ पासून यातले काही जण देवाकडे वळले. जॉन कोल्ट्रेन नावाच्या सॅक्सोफोनवाल्याने 'अ लव्ह सुप्रीम' ही अख्खी तबकडी देवाला वाहिली. १९६७ मध्ये तो वारला तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस एकोणतीस वर्षांची होती, पदरात चार लहान मुलं. ती स्वतः उत्तम पियानो वाजवायची, लहानपणी चर्चमध्ये वाजवत आली होती. नंतर तिने हार्प हातात घेतलं. ते तारांचं मोठं वाद्य असतं, उभं ठेवून वाजवतात. ती हिंदुस्थानात आली, तानपुऱ्याच्या साथीने रेकॉर्ड केलं, आणि १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात आश्रम काढला. तिथे ती ऑर्गनवर बसून आपली संस्कृत भजनं गायची. चाल मात्र तिच्या चर्चची, टाळ्या वाजवत म्हणायची. मी ऐकली तेव्हा आमच्या एकादशीच्या भजनातल्या बायका आठवल्या. शब्द ओळखीचे, ठेका परका, आणि तरी परका वाटेना. त्या भजनांच्या कॅसेटी आश्रमापुरत्याच होत्या. २००७ मध्ये ती गेली, आणि त्यांतली निवडक भजनं जगाने ऐकली ती २०१७ मध्ये.

परत आपल्या माणसांकडे येते. १९६९ मध्ये डिसिल्वांनी जमैका बेटावरच्या जो हॅरियटबरोबर तबकडी काढली, तिचं नाव चक्क 'हम दोनो'. त्यात 'बॅलड फॉर गोवा' अशी एक धून आहे. त्याआधी याच हॅरियटने कलकत्त्याच्या जॉन मेयर यांच्याबरोबर 'इंडो-जॅझ सूट' केला होता, १९६६ मध्ये आला तो. त्याच्या तबलजीचं नाव वाचून मी थांबले. केशव साठे! मुंबईचे. मग मी साठ्यांचंच नाव शोधत सुटले. १९६७ मध्ये जर्मनीत एक तबकडी झाली, 'जॅझ मीट्स इंडिया', तिथे तबल्यावर साठे. पुढे इंग्लंडमध्ये जॉन रेनबोर्न जुनी इंग्रजी लोकगीतं वाजवायचा, त्याच्या ताफ्यात साठे. इंग्रजांच्या जात्यावरच्या ओव्याच म्हणा, आणि ठेका आपल्या माणसाचा! सगळीकडे नाव कव्हरच्या मागे, बारीक अक्षरात. पण लिहिलेलं होतं म्हणून मला पोलादपुरात बसून सापडलं.

त्या जर्मनीच्या तबकडीवर आणखी एक नाव आहे, कुसुम ठाकूर. तानपुरा. तानपुऱ्यावरच्या बाईकडे कोण लक्ष देतो? ती थांबली तरच कळतं की काहीतरी गेलं.

आपल्याकडच्या सिनेमात तर बारीक अक्षरंही नशिबी नसायची. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळांत मुलांना सूर वाचायला-लिहायला शिकवायचे. ती मुलं मुंबईला आली, रात्री हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि दिवसा सिनेमाच्या गाण्यांत. गाणं आपण पन्नास वर्षं गुणगुणतो, व्हायोलिन कोणाचं ते ठाऊक नसतं. 'अमर अकबर अँथनी'तला अँथनी गोन्साल्विस सगळ्यांना माहीत आहे, पण ते नाव प्यारेलाल यांच्या खऱ्या गुरूंचं आहे, गोव्याच्या व्हायोलिनवादकाचं, हे किती जणींना माहीत होतं?

आता वाडीत येऊ. २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडात शिरलं तेव्हा माझ्या आत्याच्या घरात बायकांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी होत्या, बिस्किटाच्या डब्यात. चिखल उपसताना त्या चिखलाबरोबरच गेल्या. घरात भांडी उरली नव्हती, कॅसेटीचं दुःख कोण करणार. पण त्यांत गाणाऱ्या दोघी आता हयात नाहीत. आता कॅसेटी नाहीत, फोन आहेत. प्रत्येकीच्या फोनात हळदीची गाणी आहेत, गौरीची आहेत. कोणाचा आवाज, कोणतं गाव? फायलीवर नुसते आकडे. फोन बदलला की तेही जातं.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. मला त्यांच्या कामातलं हे सगळ्यात मोठं वाटतं. ओवी कोणाचीही नसते असं आपण म्हणतो, पण गळा कोणाचा तरी असतोच ना!

म्हणून आमच्या गटांनी एक नियम केला आहे. मासिक बैठकीत हिशोब झाला की एकीने गायचं, दुसरीने फोनवर घ्यायचं. गाण्याआधी गाणारीने स्वतःच्या तोंडाने नाव, गाव आणि गाणं कोणाकडून शिकली ते बोलायचं. साथीला टाळ धरणारीनेही नाव सांगायचं, ती सुटता कामा नये. मग तेच सगळं गटाच्या वहीत मागच्या पानावर तारखेसह उतरवायचं. फाइल दोन फोनांत ठेवायची, त्यातला एक फोन दुसऱ्या वाडीतला. पुरानंतर एवढं तर आपल्याला कळायलाच हवं.

पोलादपूरकडच्या एका वाडीत हे पहिल्यांदा केलं. एक आजी गायला बसल्या, वय ऐंशीच्या पुढे. फोन समोर धरला आणि म्हटलं, "आजी, नाव सांगा." त्या गप्प. मग हळूच म्हणाल्या, "कुठलं सांगू बाय? म्हायेरचं का सासरचं?" लग्नात नाव बदललेलं, आणि माहेरच्या नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. ते गाणं मात्र त्या माहेरी शिकल्या होत्या, आईकडून. आम्ही सांगितलं, दोन्ही सांगा, आणि आईचंही सांगा.

ती तिन्ही नावं मी आत्ता सांगत नाही. पुढच्या आठवड्यात याच वेळेला ते रेकॉर्डिंग लावणार आहोत, तेव्हा आजीच सांगतील.