सुकं अंजीर आणि आपला कांदा-लसूण मसाला

(उचगाव येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



या मांडवात एरवी इतिहास, शेती, समाजप्रबोधन असे भारदस्त विषय होतात. आज अंजीर आहे, आणि तेही सुकं. सहन करा.

आपल्या घरात सुकं अंजीर कधी येतं? पोट साफ होत नाही अशी तक्रार सुरू झाली की येतं. रात्री दोन भिजवायची, सकाळी चावून खायची, वरून तेच पाणी प्यायचं. नाहीतर दिवाळीच्या खोक्यातून काजू-बदामाच्या शेजारी बसून येतं. म्हणजे औषध नाहीतर आहेर. मिसळणाच्या डब्याजवळ त्याला आपण कधी फिरकू दिलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की बर्फी-बासुंदीत घालून आपण त्याची निम्मी चव वाया घालवतो. त्याची खरी संगत चिंच, कोकम, लसूण आणि लाल मिरचीशी आहे.

याचं कारण फळातच आहे. अंजिरात आंबटपणा जवळजवळ नसतो. ताज्या शंभर ग्रॅम फळात साखर असते साधारण 16 ग्रॅम. वाळल्यावर पाणी उडून जातं आणि शंभर ग्रॅममध्ये साखर 48 ग्रॅमच्या आसपास पोचते. तंतूही दहा ग्रॅमच्या जवळ. त्यामुळे मिठाईच्या दुकानात ‘शुगर फ्री’ची पाटी लावलेली अंजीर बर्फी दिसली की मला गंमत वाटते. वरून साखर घातली नसेल, कबूल. पण आत जवळजवळ निम्मी साखरच आहे. मधुमेहवाल्यांनी पाटी वाचून चार तुकडे उचलू नयेत. आणि इतकं गोड, आंबटाचा टेकू नसलेलं फळ आपण आणखी खव्यात आणि साखरेत घालतो. गोडात गोड. जिभेला धरायला काही उरतच नाही.

आता मुळाकडे जाऊ. महाराष्ट्राचं अंजीर म्हणजे पुरंदरचं. सासवड, दिवे, सोनोरी, राजेवाडी हा सगळा पट्टा. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जाधववाडीला अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. तिथले शेतकरी दोन बहार सांगतात: पावसाळ्यात पोसलेला तो खट्टा, थंडी सरताना सुरू होऊन उन्हाळ्यात उतरतो तो मीठा. आपल्या शिवेतून जाणाऱ्या पुणे–बेंगळूरु महामार्गावरून ही फळं येतात; पण ताजं अंजीर दोन दिवसांत मऊ पडतं, गळायला लागतं. मग वाळवत का नाहीत? कारण पुरंदरचं हे पूना अंजीर रसाळ आहे, साखरेनं तितकं भरलेलं नाही. वाळवलं की हाती थोडं लागतं. बाजारातली सुकी अंजिरं बहुतेक अफगाणिस्तानची, दोरीत ओवलेली, दाबून चपटी झालेली. जगात सुक्या अंजिराचं सर्वांत मोठं उत्पादन तुर्कस्तानचं, आयदिन भागातलं. तिथं फळ झाडावरच सुरकुततं, आपोआप खाली पडतं, मग गोळा करून उन्हात घालतात.

पुरंदरकरांनी मात्र वेगळी वाट काढली. वाळवत नाही तर रस काढू. पुरंदर हायलँड्स या शेतकरी उत्पादक कंपनीनं अंजिराचं तयार पेय केलं आणि ऑगस्ट 2024 मध्ये त्याची पहिली खेप पोलंडला रवाना झाली. पोलंड म्हटल्यावर इथल्या जुन्या माणसांच्या भुवया वर होतील. इथून हाकेच्या अंतरावर वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. ते गेल्यावर त्याच छावणीत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं.

उंबर फोडून केंबरं काढू नयेत असं म्हणतात. मी थोडी काढणार आहे, कारण अंजीर उंबराच्याच कुळातलं आणि हा प्रश्न मला दरवेळी येतो: अंजिरात किडा असतो का? तुर्कस्तानच्या जातीला फळ धरायला एक बारीक गांधीलमाशी लागते. ती परागकण घेऊन आत शिरते, बाहेर येत नाही, आणि फळातलं विकर तिला बहुतांशी विरघळवून टाकतं. आपल्या पूना अंजिराला ही माशी लागतच नाही, ते तिच्याविना धरतं. आपल्या भागात जैन घरं पुष्कळ. उंबरवर्गातली फळं त्यांना वर्ज्य. त्यांनी पुढचे पदार्थ खजुरावर करावेत, बिघडत नाही.

घेताना मात्र पारखून घ्या. अंजिरावरची पांढरी पूड बहुधा साखरेचीच असते, आतून वर आलेली. कोमट पाण्यात विरघळते. लोकरीसारखं काही दिसलं, कुबट वास आला, तर सरळ टाका. त्या बुरशीचं विष वाईट आणि शिजवून जात नाही. फार पिवळंधमक फळ गंधकाची धुरी दिलेलं असू शकतं. आणि भिजवण्याआधी प्रत्येक अंजीर उघडून बघा. हे आळस न करता.

आता चुलीकडे. आधी दुधाचं सांगतो, कारण कोल्हापूरकर दुधापासून सुटत नाही. अंजिराच्या चिकात फायसिन नावाचं विकर असतं, ते दूध फाडतं. होमरच्या इलियडमध्येसुद्धा अंजिराच्या चिकानं दूध विरजल्याचा उल्लेख आहे, इतकी ही गोष्ट जुनी. म्हणून अंजीर आधी थोड्या पाण्यात चांगलं उकळा, वाटा, गार करा आणि आटवलेलं दूध खाली उतरवल्यावर त्यात मिसळा. खिरीत गूळ घालताना आपल्या आया जे करतात तेच. पैलवानांच्या थंडाईत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटतात, त्यात साखरेऐवजी उकडलेली तीन-चार अंजिरं वाटून बघा. थंडाईला अंग येतं, आणि मिरीचा झटका गोडाखाली दबत नाही.

पण माझा जीव आहे तो चटणीत. शंभर ग्रॅम अंजीर, म्हणजे सहा-सात, अर्धा तास कढत पाण्यात. चिंचेचा घट्ट कोळ दोन चमचे. लसणाच्या आठ पाकळ्या, भाजलेलं जिरं, मीठ, आणि आपला कांदा-लसूण मसाला दीड चमचा. गूळ अजिबात नको. भिजवलेलं पाणी फेकू नका, त्यातच वाटा, आणि थोड्या तेलावर पाच मिनिटं परता. बिया दाताखाली कुरकुरतात, तिखट आधी लागतं, गोड मागून येतं. ही चटणी भाकरीबरोबर खा, पिठल्याच्या कडेला घ्या. चिंच-गुळाच्या आमटीतही गुळाच्या जागी दोन अंजिरं वाटून घालता येतात. आमटी थोडी दाट होते आणि रंग उतरतो, तेवढं चालवून घ्या.

मटणाचं सांगताना जपून बोलतो. मोरोक्कोत मटण आणि सुकी अंजिरं एका भांड्यात शिजतात, दालचिनी-आल्यासह, मंद आचेवर. आपण सुक्क्यात करू शकतो. मात्र अंजिराची साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, ती साध्या साखरेपेक्षा लवकर करपते. म्हणून वाटणाबरोबर परतायची नाही. मटण शिजलं, मसाला सुटला, की शेवटच्या दहा मिनिटांत चिरलेली तीन अंजिरं टाकायची आणि वरून लिंबू. तांबड्या रश्श्यात घालायला मी सांगणार नाही. मला अजून कोल्हापुरात राहायचंय.

एक पेय सांगायचं राहिलं. ऑस्ट्रियात एकोणिसाव्या शतकात अंजिराची कॉफी रूढ झाली: सुकी अंजिरं पार गडद होईपर्यंत भाजायची, दळायची आणि खऱ्या कॉफीत मिसळायची. घरी करायची तर अंजिराच्या बारीक चकत्या मंद आचेच्या तव्यावर उलटपालट करत भाजा, काळपट तपकिरी होऊन कडक होईपर्यंत. धूर निघायच्या आत उतरवा, नाहीतर उरतो तो नुसता कडूपणा. गार झाल्यावर कुटा. तीन चमचे कॉफीला एक चमचा ही पूड. दूध घालणार असाल तर साखर निम्मी करा. कोरी प्यायची तर साखर लागतच नाही, आणि भाजल्यामुळे जो हलका कडवटपणा येतो, तो गोडीला आंबटाइतकाच चांगला लगाम घालतो.

चटणीची एक बरणी मी बरोबर आणली आहे. मागच्या टेबलावर भाकरीही आहे. आधी चाखा, मग प्रश्न विचारा. तिखट कमी वाटलं तर मसाल्याची पुडीही तिथंच ठेवली आहे.